जिजींनी झाकलेली घंटा

प्रिय जिजी,

उद्या सकाळी साचा फोडायचा आहे आणि झोप काही येत नाही, म्हणून लिहायला बसले. लालबागेत माहेरी चार बुकं शिकले म्हणून तुम्ही मला ‘मडम’ म्हणायच्या ना? बघा, मडमेची अक्षरं शेवटी तुमच्यावरच खर्ची पडताहेत!

फोपनारच्या देवळाची घंटा खड्ड्यातल्या साच्यात ओतली, तेव्हा तुम्ही तापाने फणफणत होतात. तरी वरची राख नि भुसा स्वतःच्या हातांनी पसरलात, आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेलात. सुतकात भट्टीला कुणी शिवलं नाही. आपल्या घरची रीत अशी की जिने झाकली, तिनेच उघडायची. आता काय करायचं, सांगा! मोठे भाऊजी एवढंच म्हणाले, “आता तिच्या जागी तूच. तूच उघड.”

नवी होते तेव्हा मला ही रीत खुळी वाटायची. घंटा ओतली की पाणी मारावं आणि मोकळं व्हावं! तुम्ही हसला नाहीत. उरलेल्या काशाचा एक गोळा गार फरशीवर ओतलात, एक गरम राखेत, आणि निवल्यावर दोन्ही मला हातोडीने फोडायला लावलेत. फरशीवरचा आतून बारीक रव्यासारखा, राखेतला भरड. धातू तोच, आणि नुसत्या निवण्याने केवढा फरक!

“मंग बारीकच बरा ना, जिजी?”

“घुंगराले बरा. मोठ्या घंटेची साल पहिले आवळते, पोटात रस अजून पातळच राहते. दोघांची ओढाताण झाली का फाटलीच समज. वतलेली घंटा म्हनजे बाळंतीन. तिले वारा लागू द्याचा नाही.”

आणि ती शिवरात्र? आपल्याच गावच्या देवळाची घंटा तेव्हा नुकतीच ओतली होती. आदल्या दिवशी पंच तापीच्या पाण्याचे हंडे घेऊन आले. गरम साच्यावरच अभिषेक करायचा होता त्यांना! भाऊजींनी भिडेपोटी मान डोलावली. तुम्ही पदर खोचून सरळ खड्ड्याच्या तोंडाशी बसलात.

“तापीमाईच्या पान्यानं कुठं बिघाड होते का?” पंच चिडले.

“तापीमाई माही बी मायच आहे. पन बाळंतिनीच्या अंगावर गार पानी कोनती माय टाकते? जल्दी देवाले नाही, तुमाले आहे.”

शिवरात्र घंटेविना गेली. फुटली म्हणून लपवली, असं गावभर झालं. घाटावर बायका तोंड फिरवायच्या, पण तुम्ही साचा वेळेआधी उघडू दिला नाहीत. पुढे घंटा निघाली, खणखणीत वाजली, तेव्हा तेच पंच हात जोडून उभे राहिले. काय तुमची छाती, जिजी! मला जन्मात जमणार नाही.

राग एकाच गोष्टीचा आहे. अंगात एवढा ताप होता, तर भट्टीशी गेलात कशाला? मला हाक मारायची होती!

आता फोपनारवाले कुजबुजताहेत, आजारी बाईने झाकलेली घंटा, राख कुठे जाड कुठे पातळ पडली असणार, तडकलीच असणार. मलाही भीती वाटते. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

पण एक वचन देते. उद्या घंटा अखंड निघाली, तर फोपनारच्या वेशीपर्यंत सांगत जाईन की ही आमच्या जिजींनी झाकली होती. आणि फुटकी निघाली, तर सांगेन की राख मी पसरली होती.

तुमची धाकटी जाऊ,
गोदा