शेकाची वीट

मंगळवार, संध्याकाळ

डहाणूच्या हॉस्पिटलातून आत्ताच आले. बाबांना ठेवून घेतलंय, आई तिथेच आहे. छातीत दुखतंय म्हटल्यावर बाकावरच्या सगळ्यांच्या आधी बाबांना आत घेतलं. सिस्टरने विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "सकाळपासून."

बाबा म्हणाले, "चार दिवस झाले."

आई खाली बघायला लागली. म्हणजे कंबर शेकायला म्हणून आई रोज मागायची, ती गरम वीट तिच्या कमरेला नव्हतीच?

"तुला सांगितलं असतं तर भाताची लावणी अर्धी टाकून इकडे आणलं असतंस," आई पुटपुटली.

हो, आणलंच असतं! गंजाड गावची आशा कार्यकर्ती मी. छातीत दुखलं तर लपवू नका, हे घरोघर सांगत फिरते. आणि माझ्याच घरात... चार दिवस ती वीट चुलीत तापवून मीच आईच्या हातात देत होते.