शेवटचं पॅकेट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे इंजिनिअर लिहितात म्हणे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आपली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या मशीनच्या पोटात चालणारी वीस खोटी मशीन, नेटवर्कवर रखडतात. कारण सोपं आहे. माहितीचं एकेक पॅकेट बाहेर गेलं की ते पाठवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, खालून इंटरप्ट येतो, काम थांबवून ऐकायला लावणारा निरोप: "गेलं बरं का!" सेकंदाला चाळीस हजार वेळा. अर्धी ताकद हे ऐकण्यातच खर्च. मी म्हटलं, शून्यावर आणतो. साहेब म्हणाले, निम्म्यावर आणलंस तरी एकवीस तारखेला सगळ्यांसमोर तूच मांड, आणि टीमप्रमुखाची खुर्ची तुझी. शेजारच्या टेबलावरची टेस्टिंगवाली, जिला मी शंकाबाई म्हणतो, ती म्हणाली, शून्य नको, थोडे राहू दे. अकरा वर्षं माझ्या शेजारी बसते, धाडस काही शिकली नाही.

४ मार्च
युक्ती सापडली! पाठवायचं आणि विसरायचं. पुढचं पॅकेट द्यायला गेलं की आधीच्याचा रिकामा डबा उचलून आणायचा. इंटरप्ट हवाच कशाला? जेवताना बायकोला समजावलं. तिने विचारलं, मग शेवटचा डबा कोण आणणार? बायको दातांची डॉक्टर आहे. तिला सिस्टिममधलं कळत नाही, हे मी मोठ्या मनाने समजून घेतलं.

५ मार्च, सकाळी ११
शून्य! स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. हात नीट पोचत नाही.
ड्रायव्हर शंकाबाईला तपासायला मेल केला, साहेबांना प्रत. मग वाटलं, हेच आयुष्यात का नको? मी काहीही पाठवलं की दहा जणांचं "मिळालं", "ओके", नाहीतर नुसता अंगठा. छोटा प्रोग्राम लिहिला. माझ्या मेलवर आलेली उत्तरं परस्पर "नंतर" नावाच्या फोल्डरमध्ये. मी पुढची मेल पाठवीन तेव्हाच तो उघडेल. शिवाय टेबलावर पाटी: बोलू नका, लिहा.

७ मार्च
काय शांतता! स्लाइडची पार्श्वभूमी निळी की गडद निळी, यावर दिवसभर एकाग्रपणे विचार. पाठवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काही पाठवलं नाही.

१० मार्च
शंकाबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. कानावरचा हेडफोन न काढता मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने पाटी वाचली, हसली आणि गेली. ड्रायव्हरबद्दल कौतुकाचा चकार शब्द नाही! कौतुक माणसाने तोंडावर करावं. लागलं मनाला.

१२ मार्च
शंकाबाई साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये. चाळीस मिनिटं. दोनदा माझ्या टेबलाकडे बोट. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याचा अर्थ न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. बायको म्हणाली, सरळ विचार ना तिला. मी काही विचारणार नाही. मला माहीत आहे.

१७ मार्च
टेस्टचं मशीन थिजलं. एक पॅकेट पाठवलं आणि गप्प. केबल बदलली. दुसरं मशीन घेतलं, तेही तसंच. पॅकेटांचा पूर लोटला की झकास चालतं, एकटंदुकटं पाठवलं की ठप्प. कुणीतरी मुद्दाम करतंय. नाव लिहीत नाही. "शं"वरून सुरू होतं.

१९ मार्च
साहेबांच्या कॅलेंडरात शुक्रवारचं सादरीकरण. मांडणार कोण, तर शंकाबाई! माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला ही दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. तेही नाटकच असणार. जिन्यात जाऊन उभा राहिलो. रडू आलं. डोळ्यात काहीतरी गेलंय, असं लिफ्टवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत?

२० मार्च, सकाळी ११.१०
साहेबांना मेल, अख्ख्या मजल्याला प्रत. केसाने गळा कापला, असं स्पष्ट लिहिलं. तिचं नावही लिहिलं, खरं नाव. पाठवली. छाती हलकी झाली.

११.११
मेल गेली तसा "नंतर" उघडला. विसरलोच होतो. बावीस उत्तरं.

११.४०
सहा तारखेचं तिचं: शेवटचं पॅकेट अडकतंय. पुढचं गेलंच नाही तर त्याचा डबा कुणी उचलत नाही, आणि पाठवणारा वाट बघत बसतो.
दहा तारखेचं: दुरुस्ती जोडली आहे, काही क्षण शांतता असली तर एकच इंटरप्ट येऊ दे. तुझ्याच नावाने टाक. पाटी छान आहे.
बारा तारखेचं: साहेबांना सांगून आले, कल्पना शंभर टक्के तुझी, फक्त शेवटच्या पॅकेटचा कोपरा राहिलाय.
नंतर साहेबांची तीन. येतोस ना? हो एवढंच कळव. मग तिचं कालचं: तुझं काहीच उत्तर नाही, म्हणून तूर्त माझं नाव घातलंय. तू आलास की मी खाली बसेन.
मेल परत घेण्याचं बटण दाबलं. एकेचाळीस जणांनी वाचलेली होती. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटच्या डब्याची आठवण करून दिली.

२१ मार्च, शुक्रवार
तिनेच मांडलं. सेकंदाला चाळीस हजारांवरून तीनशे. टाळ्या. पहिल्या स्लाइडवर माझं नाव होतं. मी मागच्या रांगेत. बोलताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीबद्दल साहेब काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
जागेवर आलो तर टेबलावरची पाटी गायब. ती आता तिच्या टेबलावर आहे.

दुपारी ३
लिहिलं. दोनच ओळी, माफीच्या. प्रोग्राम काढून टाकला. आता फोन वाजला की दचकून बघतो. कॅन्टीन बंद, पार्किंगची सूचना, कुणाचा तरी अंगठा. तिचं काही नाही. नुसतं "मिळालं" म्हणाली असती तरी चाललं असतं.

४.३०
नाही. मेल पोचली असावी. तिने माझ्या उत्तराची चौदा दिवस वाट पाहिली होती. मला दीड तास झाला.