ताईचं जुनं

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण हल्ली गुडघे एकदा खाली गेले की वर यायला कां कूं करतात.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही. फोन केला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मीच घाबरून ठेवून दिला असता. पत्राचं बरं असतं. तू फाडलंस तरी मला आवाज येणार नाही.

आधी खुशाली. आम्ही सगळे ठणठणीत. ह्यांचं पोट पुढे सरकतंय आणि केस मागे. तुझी भाची कॉलेजात जायला लागल्यापासून मला अक्कल शिकवते, आणि दुःख असं की बऱ्याचदा तिचंच बरोबर असतं. तुझ्या लेकीचं बरं चाललंय हे तिच्याकडूनच कळतं. त्या दोघी मावसबहिणी एकमेकींशी तासन्‌तास बोलतात, आपलं काही का असेना.

आता बातमी. बसली आहेस ना? आमच्या चष्म्याच्या दुकानाची दुसरी शाखा निघतेय आणि ती मी सांभाळायची आहे! हो, मीच. एकोणीस वर्षं मागच्या खोलीत मशीनवर काचा घासत बसलेली मी. मालकीणबाईंनी हाक मारली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी काच तडकली आणि आता माझी खरडपट्टी निघणार. तर म्हणाल्या, "बारा मार्चला उद्घाटन. पुढे काउंटरवर तू." मी "हो" म्हणून बसले. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

बाई मनाने चांगल्या आहेत, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "कुठल्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभते ते तू गिऱ्हाइकाला सांगणार, आणि स्वतः अशी पोत्यातून बाहेर आल्यासारखी?" मी सध्या ह्यांचा जुना तपकिरी स्वेटर घालून जाते. तो मला गुडघ्यापर्यंत येतो. ऊबदार आहे.

तर त्यांनी ओळखीतली एक स्टायलिस्ट माझ्या मागे लावून दिली. स्टायलिस्ट म्हणजे कपड्यांची डॉक्टरीण समज. आधी बरीच वर्षं नाटक कंपनीत कपडे सांभाळायची. तोंडात सदैव दोन-तीन टाचण्या, आणि बोलणं त्या टाचण्यांच्या फटीतून. मनातल्या मनात मी तिचं नाव टाचणीबाई ठेवलंय. रविवारी घरी आली, कपाट उघडलं आणि सगळं पलंगावर ओतलं. मला तर आपली झडती चालली आहे असंच वाटलं.

"यातलं तुम्ही स्वतः हौसेने काय घेतलंत?" तिने विचारलं.

मी शोधशोध शोधलं. दोन गाऊन, एक ॲप्रन आणि लोकरीचे मोजे. मोज्यांची जोडी होती असंही नाही.

"मग हे कोट, झगे, शर्ट? हे सगळे?"

"ताईचे जुने आहेत," मी म्हणाले.

"घालत का नाही?"

"दोन वर्षं झाली, सोडलंय."

तिने फार खोदलं नाही. म्हणाली, "घालायचे नसतील तर देऊन टाका. कपाट मोकळं झाल्याशिवाय मला काही सुचत नाही." पण कपडे तुझे. तुला विचारल्याशिवाय कसे देऊ? म्हणून हे पत्र. देऊ ना? बाकी काही विशेष नाही. खरंच काही नाही.

तुझी,
धाकटी

*

१४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

तुझं कार्ड मिळालं. "कपडे तुझे आहेत. वाटेल ते कर." मोजले, सहा शब्द. खाली सहीसुद्धा नाही. मी तोंड पाडून बसले तर तुझी भाची म्हणते, "आई, मावशीने तिकीट तर लावलं ना? राग पूर्ण असता तर बैरंग पाठवलं असतं." या मुलीचं काही खरं नाही.

मला वाटलं होतं, तू निदान खरमरीत तरी लिहिशील. तुझ्या शिव्या मला आवडतात हे तुला ठाऊक आहे.

असो. या रविवारी टाचणीबाई पुन्हा आली. कपडे द्यायचे तर नीट करून द्यायचे, हा तिचा नियम. कुठे उसवलंय, कुठे विरलंय, कुठलं बटण लोंबतंय ते आधी पाहायचं. तिने खिडकीपाशी खुर्ची ओढली, चष्मा लावला (फ्रेम तिला अजिबात शोभत नाही, पण तो माझा धंदा) आणि तो गर्द हिरवा कोट हातात घेतला. आठवतो? सगळ्यात आधी दिलेल्यांपैकी. "तीन वर्षं वापरला, आता मला दाटतो, टाकून देण्यापेक्षा तू घाल," असं म्हणत तू माझ्या मांडीवर टाकला होतास.

ती खिशात हात घालायला गेली तर बोटं अडकली.

"हा खिसा शिवलेला कसा?"

"तो दिखाऊ खिसा आहे," मी म्हणाले. "ताईच्या कोटांना दिखाऊच खिसे असतात." इतकी वर्षं मी बसची सुटी नाणी मुठीत धरून फिरले ना त्यापायी!

तिने टाचणीने दोन टाके उचकटले आणि खिसा उघडला. चांगला मनगटापर्यंत खोल. म्हणाली, "अहो, शिंपी नव्या कोटाच्या खिशाला कच्चे टाके घालतो, आकार बिघडू नये म्हणून. घरी आल्यावर ते उसवायचे असतात. तुमच्या ताईंनी तीन वर्षांत एकदाही खिशात हात घातला नाही?"

मी म्हणाले, "तिची सवय असेल." काय खुळ्यासारखं बोलते मी कधीकधी.

मग ती एकेक कपडा उलटा करून बघायला लागली. कोपर, कॉलर, काखा. टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या, तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी गंभीर आहे. तिने मला उभं केलं, हिरवा कोट चढवला आणि मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."

"लहानपणी भिंतीवरून पडले होते. हाड वेडंवाकडं जुळलं."

"आणि ताई? त्याही पडल्या होत्या?"

"छे! ती तर पट्टीसारखी सरळ. उंच आहे, दारातून वाकून येते."

"मग त्यांच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच खाली कसा?"

ताई, पलंगावर चौदा कपडे होते. तिने टेप लावून चौदाच्या चौदा मोजले. सगळ्यांचा डावा खांदा खाली. म्हणाली, "ही चूक नाही. कुणीतरी शिंप्यासमोर उभं राहून सांगितल्याशिवाय असं होत नाही. हे कपडे खूप धुतलेत, पण वापरलेले नाहीत. मी आयुष्यभर लोकांनी घातलेले कपडे हाताळलेत. वापरलेलं कापड मला कळतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले ती बसलेच. तुझ्या भाचीने पाणी आणून दिलं.

तू पाच फूट आठ. मी ठेंगू. तुझे कपडे मला होतात कसे, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, धुऊन आटले. आणि मी विश्वास ठेवला! सूत आटलं, लोकर आटली, अस्तर आटलं, सगळं कसं बरोब्बर माझ्या मापाला येऊन थांबलं. दुसऱ्याच्या डोळ्यांचे नंबर अचूक घासून देणारी बाई मी, आणि माझ्याच डोळ्यांवर झापडं!

खरं सांग, ताई. तू हे सगळे माझ्यासाठी नवे शिवून घेत होतीस?

धाकटी

*

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तर मिळालं. नसतं तसं, तर तू तडक लिहिलं असतंस की काय हा मूर्खपणा.

त्या दिवशी टाचणीबाईने जाताना विचारलं, "पण नवे कपडे जुने करून का द्यावेत कुणी?" मी म्हणाले, कोण जाणे. खोटं बोलले. मला तेव्हाच आठवलं होतं.

सोळा वर्षांपूर्वी ह्यांचा कारखाना बंद पडला. तुझी भाची दोन वर्षांची होती. तू माझ्यासाठी निळा झगा आणला होतास, खोक्यात, कागदात गुंडाळलेला. मी खोकं उघडलंसुद्धा नाही. दारातच तुला म्हणाले, "मला दान नको. तुझं जुनं काही असेल तर दे, बहिणीचं जुनं घालायला लाज नाही. नवं आणलंस तर मी उंबऱ्याबाहेर ठेवीन." आणि ठेवलंही. तू ते खोकं उचललंस आणि जिना उतरून गेलीस. सहा महिन्यांनी हिरवा कोट आला. तुझं "जुनं".

अट माझी होती. तू ती चौदा वर्षं पाळलीस. कापड निवडायचं, शिंप्याला माझा वाकडा खांदा समजावायचा, मग आणून धूधू धुवायचं. कोटाचं अस्तर मऊ पडेपर्यंत किती वेळा पाण्यातून काढलंस गं? तुला तर धुण्याचा केवढा कंटाळा!

आणि मी काय केलं? आता लिहितेच, दोन पत्रं टाळलं तेवढं पुरे. तुझ्या लेकीच्या लग्नात मी तो विटकरी झगा घातला होता. विहीणबाई म्हणाल्या, किती छान दिसताय. मी म्हणाले, "छान कसलं! ताईचं जुनं आहे. जन्मभर तिचंच जुनं घालतेय, मला स्वतःचं असं काही मिळालंच नाही." मोठ्याने म्हणाले. हसत म्हणाले, पण आतून कडू झालं होतं. वळून पाहते तर मागे तू उभी, हातात सरबताचा ट्रे. तू ट्रे खाली ठेवलास आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

मला वाटत होतं, लोकांसमोर मी तुझा मोठेपणा कमी केला म्हणून तू रागावलीस. घरी येऊन तुझे कपडे कपाटात कोंबले आणि ह्यांचा स्वेटर चढवला. माझाही राग होता. आता कळतंय, तुला तेव्हा काय ऐकावं लागलं. तो झगा पूर्ण माझाच होता, कापडापासून खांद्यापर्यंत. एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले असते. म्हणून तू गप्प राहिलीस. ताई, माझं चुकलं. फार चुकलं. हे मी तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तोंडावर माझ्याकडून नेहमी भलतंच निघतं, हे तू जाणतेसच.

भिंतीवरून पडले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. मला पाठीवर घेऊन घरापर्यंत आलीस, वाटभर भसाड्या आवाजात गाणी म्हणत, मी रडू नये म्हणून. मी खांद्यापेक्षा त्या गाण्यांनी जास्त रडले. पण अर्धा इंच तुझ्या लक्षात राहिला. मी स्वतः विसरले होते.

असो, आता पुरे. नाक पुसून घेतलं.

नव्या दुकानासाठी टाचणीबाईने एकही नवा कपडा घेऊ दिला नाही. "अहो, तुमच्या मापाचे चौदा कपडे शिवून तयार असताना खर्च कशाला?" असं म्हणून तिने फक्त जोड्या लावून दिल्या. हिरव्या कोटाखाली दुधी शर्ट, विटकरी झग्यावर राखाडी जाकीट. केस कापायला लावले. मोजेही फेकले. बारा तारखेला मी हिरवा कोट घालणार आहे. काल घालून कामावर गेले तर मालकीणबाई गिऱ्हाईक समजून "या, बसा" म्हणाल्या! ह्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे आणखी कुणी आहे का ते आधी पाहिलं. मग म्हणाले, "माझा स्वेटर परत मिळेल का?"

सोबत एक पार्सल आहे. त्यात निळा कोट आहे. मी माझ्यासाठी शिवायला टाकला होता, पण शिंप्याने घोळ केला. बाह्या चार बोटं लांब, उंची तर विचारूच नकोस, पाच फूट आठ असलेल्या एखाद्या बाईला होईल असा. दोन्ही खांदे सरळ. तुझ्या लेकीला यातलं काहीही विचारू नकोस, तिला काही माहीत नाही, आणि माहेरी आली तेव्हा तू दुपारी झोपलेली असताना तिने मापासाठी तुझं कपाट मुळीच उघडलेलं नाही. मी तो तीनदा धुतलाय, तेव्हा नवा म्हणायला जागा नाही. मला होत नाही, टाकून देण्यापेक्षा तू घाल.

खिशांचे टाके मात्र मी माझ्या हाताने उसवलेत. उजव्या खिशात हात घाल. अकरा मार्चच्या सकाळच्या गाडीचं तिकीट आहे. परतीचं काढलेलं नाही.

स्टेशनच्या दारात उभी असेन, हिरव्या कोटात.

डावीकडून अर्धा इंच कमी,
तुझीच ठेंगू