चुकून जिंकलेला सामना रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गटरचना व प्रक्षेपण समिती,
मराठी माजी विद्यार्थी क्रिकेट महासंघ,
सिंगापूर

विषय : दि. २९ ऑक्टोबर २००६ रोजी आमच्या संघाकडून अनवधानाने जिंकला गेलेला सामना रद्द करून आमच्या महाविद्यालयास प्रक्षेपण-निधीचा पूर्ण हिस्सा पूर्ववत देण्याबाबत.

संदर्भ : आपणाशी नोव्हेना येथील हॉकर सेंटरमध्ये चहावर झालेली चर्चा.

महोदय,

मी, हेमचंद्र गोवंडे, आंबेघर येथील राधाबाई दळवी वाणिज्य महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी, तेथील माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा कर्णधार व खजिनदार, आंग मो किओ येथे राहणारा, सविनय अर्ज करतो की,

१. आपला महासंघ स्थापन झाला तेव्हा आठ महाविद्यालये होती आणि गट दोन होते. बेडोक-टॅम्पिनीसकडच्यांचा पूर्व गट, जुराँगकडच्यांचा पश्चिम गट. संघात येण्यास एकच अट होती, ती म्हणजे भारतात त्या कॉलेजात शिकलेले असणे. क्रिकेट येणे ही अट नव्हती, आणि तिचा आम्ही पुरेपूर लाभ घेतला. रविवारी सकाळी खेळायचे, दुपारी यजमान संघाच्या घरचे जेवायचे. आमचा संघ बहुतेक वेळा हरत असे, परंतु जेवणास कोणी नावे ठेवल्याची नोंद नाही.

२. पुढे केबलवरील एका वाहिनीने आपल्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क तीन वर्षांसाठी घेतले. ती रक्कम खेळाडूंनी न वाटून घेता आठही महाविद्यालयांना समान धाडावी, असा ठराव झाला. ठराव आपणच मांडला होता. त्या रात्री आपले भाषण ऐकून आमची सौ. स्मिता म्हणाली होती, "इतका चांगला माणूस असल्या महागड्या कॉन्डोत कसा राहतो?" हे केवळ आपल्या माहितीसाठी.

३. पहिल्या वर्षीचा हिस्सा आंबेघरला पोहोचला. तेथील क्रीडाशिक्षिका शुभदा मॅडम यांच्या खो-खोच्या मुली तोवर परीक्षा विभागात कपाटाआड चादर धरून कपडे बदलत. मॅडमनी लगेच मैदानाच्या कडेला खोली बांधावयास घेतली. भिंती उभ्या राहिल्या, दार बसले. छप्पर दुसऱ्या वर्षीच्या हिश्श्यातून घालायचे होते.

४. दुसऱ्या वर्षी वाहिनीने पाहणी केली व कोणाचा सामना किती घरांत पाहिला जातो ते मोजले. मोजणी घरांची होती, माणसांची नव्हे. आपण स्वतः जेथे शिकलात त्या जगदाळे अभियांत्रिकीचे माजी विद्यार्थी एकेका कॉन्डोत एकेक कुटुंब करून राहतात. आमची पोरे एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघे राहून एक टीव्ही पाहतात, तोही घरमालकिणीची चिनी मालिका संपल्यावर. सबब आमचे चार प्रेक्षक मिळून एक झाले. त्या आकड्यावरून चार मोठ्या महाविद्यालयांचा 'सुवर्ण गट' निघाला, उरलेल्या चौघांचा 'सर्वसाधारण गट' झाला, आणि समान हिश्श्याचा ठराव 'कालबाह्य' झाला. आमच्या वाट्यास पूर्वीच्या हिश्श्याचा दहावा भाग आला. त्यात पत्रे येत नाहीत. पत्र्यांचे खिळे येतात.

५. तक्रार केवळ पैशांची आहे असे समजू नये. नवीन रचनेत बेटाच्या पार दुसऱ्या टोकाचे, पुंगोलचे लोक रविवारी एलआरटी, एमआरटी अशा दोन गाड्या आणि बस बदलत, किट खांद्यावर घेऊन जुराँगला 'घरच्या' मैदानावर खेळावयास जातात. सामना दुपारी एकला सुरू होतो, कारण सकाळी वाहिनीवर भजने असतात. या हवेत दुपारी एकला शहाणा माणूस मैदान ओलांडतसुद्धा नाही. चहाच्या सुट्टीत आता जाहिराती लागतात, आणि जेवणाची प्रथा बंद पडली आहे, कारण डबा उघडताना कॅमेऱ्यात बरे दिसत नाही असे आपल्या समितीचे मत पडले.

६. इकडे आंबेघरला ती खोली भिंतींसह, छपराविना उभी आहे. तिच्या बाजूच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ग्रंथालय असून तेथील मुलांची वाचनाची गोडी अलीकडे फार वाढली आहे, असे शुभदा मॅडम कळवतात. मुली पुन्हा कपाटाआड गेल्या आहेत.

७. सुवर्ण गटाचेही सोने झाले नाही, हे मी आनंदाने नव्हे, केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. चार बलाढ्य संघ एकत्र आले तरी कोणीतरी चौथे येतेच. यंदा जगदाळे चौथे आले. पूर्वी आम्ही होतो तेव्हा हंगामातले निदान दोन विजय आपल्या खात्यात खेळण्यापूर्वीच जमा असत. आता ते नाहीत. बँकांतील व्हाइस प्रेसिडेंट मंडळींना शेवटचे येण्याचा सराव नसतो. त्यांच्या घरचे टीव्ही बंद होऊ लागले आणि वाहिनी कुरकुरू लागली.

८. तेव्हा आपण मला नोव्हेनाला बोलावून घेतले. चहा आपण पाजलात, हे विसरलेलो नाही. आपण म्हणालात, "हेमचंद्रराव, या सुवर्ण गटात. पूर्ण हिस्सा देतो. एक मैत्रीचा सामना खेळू, वाहिनीवाले बघतील. तुम्ही फक्त नेहमी खेळता तसंच खेळा." शेवटचे वाक्य आपण दोनदा म्हणालात. मला पहिल्या वेळेसच कळले होते.

९. मी संघाची बैठक घेतली. खोलीचा फोटो फिरवला. सन्मानाने, पंधरा-वीस धावांनी, कोणाच्या डोळ्यांवर न येता हरावे असे एकमताने ठरले. आमचे सर्व खेळाडू अकाउंटंट असल्याने ठरलेल्या अंदाजपत्रकाबाहेर कोणी जाणार नाही, याची मला खात्री होती.

१०. नियोजन चुकले ते आपल्या गोलंदाजांमुळे. त्यांनी इतके वाइड टाकले की आम्ही हालचाल न करता पुढे सरकत राहिलो. शेवटच्या चेंडूला आमचा शेवटचा फलंदाज श्री. निशिकांत समोर होता. चार धावा हव्या होत्या. निशिकांत यांनी मागील सहा वर्षांत दोन आकडी धावसंख्या पाहिलेली नाही, त्यामुळे मी निर्धास्तपणे पॅड सोडत होतो. त्यांनी चौकार मारला.

११. मी त्यांना बाजूला घेऊन जाब विचारला. निशिकांत ऑडिटर आहेत. ते शांतपणे म्हणाले, "बोर्डावर लिहिलं होतं, शिल्लक चार. बाकी दिसत असताना मी कधी टेबलावरून उठलोय का? हात आपोआप गेला." आमच्या व्यवसायातील माणसास यापुढे काही विचारता येत नाही. सौ. स्मिता मात्र टाळ्या वाजवत होती. तिला बैठकीचा ठराव कळवायचा राहून गेला होता.

१२. दुसऱ्या दिवशी आपल्याकडून 'प्रस्ताव विचाराधीन' असा एसएमएस आला. विचाराधीन म्हणजे काय ते मी बँकेत वीस वर्षे इतरांना लिहीत आलो आहे.

१३. सबब विनंती की सदर चौकार लेखनदोष समजावा, त्याची उलट नोंद टाकून सामना जगदाळेच्या नावे जमा करावा, व आम्हांस सुवर्ण गटात कायम पराभूत म्हणून सामावून घ्यावे. पुढील दोन हंगाम निशिकांत यांना मैदानाऐवजी धावफलकावर बसवण्याची लेखी हमी देण्यास मी तयार आहे.

१४. येथवर टाइप केले होते. यापुढचे हाताने लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. पत्र्यांची मापे सोबत जोडावीत म्हणून काल शुभदा मॅडमना फोन लावला. मॅडम कॉलेजात माझ्या चार वर्षे मागे होत्या, मला दादा म्हणतात. मापे कशाला हवीत ते त्यांनी विचारले. मी सगळे सांगितले. त्या खूश होतील असे मला वाटले होते.

पण त्या म्हणाल्या, "दादा, पत्रे बसले की मुली विचारतील, कुणी दिले. मी काय सांगू? हरायचे पैसे मिळाले म्हणून?"

मी म्हटले, मुलींना सांगायची गरज काय? त्या म्हणाल्या, "त्यांना विद्यापीठाची उपांत्य फेरी आहे पुढच्या महिन्यात. चादर धरून कपडे बदलतील त्या, सवय आहे. पण हरायचं असतं कधीकधी, हे मी अजून त्यांना शिकवलेलं नाही. तुम्ही जिंकलात ते मात्र आज सांगते मैदानावर." आणि फोन ठेवण्याआधी मापे दिली. बारा फूट बाय चौदा.

१५. तरी कलम १३ मधील विनंती मी मागे घेत आहे. चौकार हा चौकारच समजावा. निशिकांत खेळतील.

पूर्ण हिश्श्याची मागणी मात्र मागे घेतलेली नाही. आजवर ती दयेवर मागत होतो, आता निकालावर मागतो. जगदाळेच्या मंडळींना पराभवाचा सराव कमी पडत असल्यास तो देण्यासाठी आमचा संघ दर रविवारी, दुपारी एकच्या उन्हातही, उपलब्ध राहील. या सेवेचा आकार आठ समान भागांपैकी एक भाग इतकाच आहे, आणि तो परस्पर आंबेघरला धाडावा.

आपला नम्र, व तूर्त विजयी,

हेमचंद्र गोवंडे
कर्णधार व खजिनदार
आंग मो किओ, दि. ६ नोव्हेंबर २००६

सोबत :
१) खोलीचा फोटो, वरून काढलेला (ग्रंथालयाच्या खिडकीतून)
२) दि. २९ ऑक्टोबरच्या सामन्याचा धावफलक, दोन्ही कर्णधारांच्या सह्यांसह
३) आंबेघरच्या पत्रेवाल्याचे दरपत्रक. मुदत महिनाअखेरपर्यंत.