संशयी नवऱ्यांचा प्रबंध

ता. ४ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

संपला एकदाचा प्रबंध! जुन्या इंग्रजी नाटकांतले संशयी नवरे, त्यांच्या हातातली सत्ता आणि गप्प बसणाऱ्या बायका, असं चारशे पानांचं गाठोडं बांधून झालंय. पण माशी शिंकली ती घरात. तुझे जावईबापूही आमच्याच विभागात, माझ्याच मार्गदर्शक बाईंकडे प्रबंध लिहितायत. बाई एका सत्रात एकच प्रबंध पुढे पाठवतात आणि नवऱ्याची दोन प्रकरणं अजून व्हायचीत. काल भाजी चिरता चिरता म्हणाला, की तू सहा महिने थांब, आधी माझं होऊ दे, नाहीतर लोक काय म्हणतील. चिडून नाही हं, अगदी लाडात. म्हणूनच नाही म्हणायला जीभ रेटली नाही. काय करू?

लोभ आहेच, तो ओरडून दाखवलास तरी चालेल.
तुझी,
बाबी

ता. ११ जून

चि. सौ. बाबीस,
अ. उ. आ.

गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. तुझी खुशाली कळली, अक्कलही कळली. अगं, दुसऱ्यांच्या नवऱ्यांवर चारशे पानं खरडलीस आणि स्वतःच्या नवऱ्याला नाही म्हणता येईना? लोकांचं काय घेऊन बसलीस, ते घोड्यावरही बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. जावईबापू वाईट नाहीत, मान्य. पण आज सहा महिने दिलेस तर उद्या वर्ष मागतील, तेही लाडातच. मुकाट्याने प्रबंध देऊन टाक. पुढचं पुढे बघू, मी अजून जिवंत आहे.

तब्येतीला जप, नवऱ्यालाही जप, पण याच क्रमाने.
आत्या

ता. २० नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, जूनमध्येच प्रबंध दिला. काल तोंडी परीक्षा झाली. आमच्याकडे ती सगळ्यांसमोर होते आणि शेवटी समोर बसलेलं कुणीही प्रश्न विचारू शकतं. परीक्षक खूश होते. बाईंनी आणखी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, आणि मागच्या रांगेतून माझा नवराच उठला. म्हणाला, यातले विचार संशोधिकेचे स्वतःचे, की घरून मदत झालीय? आत्या, याने माझं एक पानही वाचलेलं नाही गं!

मी म्हटलं, कुठलंही पान उघडा आणि विचारा. परीक्षकांनी तासभर उलटसुलट विचारलं, मी कुठेच अडले नाही. पदवी जाहीर झाली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या यानेच वाजवल्या. घरी आल्यावर म्हणाला, उद्या कुणी संशय घेऊ नये म्हणून मीच आधी विचारलं, तुझ्या भल्यासाठी.

माझ्या प्रबंधातले नवरे बायकोला चारचौघांत उभं करून संशय घेतात आणि वर अगदी हेच म्हणतात. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की जे पुस्तकात दिसलं ते घरात दिसलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतेय. वरची खोली झाडून ठेव. कपड्यांची बॅग आणि पुस्तकांची तीन खोकी भरून झालीत. चार दिवसांसाठी एवढी पुस्तकं कशाला, असं त्याने विचारलं. चार दिवसांसाठी जातेय, असं मी म्हटलंच नव्हतं.

भेटीत सगळं बोलूच, तोवर माया असू दे.
तुझी,
बाबी