फाइलमधली सुकट

ती. आईस,
तुझ्या विनूचा नागपुराहून वाकून नमस्कार.

फोनवर मी ‘मेडिकलचा प्रवेश पक्का झाला’ म्हटलं आणि तू रडायलाच लागलीस, म्हणून खरी गंमत सांगायची राहिली.

बाबांनी तालुक्याला खेटे घालून जमवलेले सगळे दाखले फाइलमध्ये नीट होते. पण ‘पोर उपाशी न्हाय मरायची’ म्हणत तू सुकटीची पिशवी त्याच फाइलवर कोंबली होतीस ना? कॉलेजात टेबलावर फाइल उघडली आणि असा वास सुटला, की रांगेतली पोरं मागे सरली. मी तर मेलेच! दाखले तपासणाऱ्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, “प्रेतं कापायच्या तासाला तू काही चक्कर येऊन पडायची नाहीस!” आणि शिक्का मारला.

होस्टेल चांगलं आहे. मेसमध्ये मासे नसतात, पण पोट भरतं. बाबांचा खोकला थांबला का? होडीवर जाताना मफलर घेतात ना?

खोलीतली मुलगी रोज म्हणते, ती फाइल उन्हात ठेव. मी हो म्हणते. पण मेसमधून जेवून आले, की आधी फाइल उघडते.

तुझीच,
विनू