मिस्त्र्यांच्या कानांविरुद्ध कट

८ डिसेंबर, सकाळी सात
विजेचं नवीन मीटर बसून चार दिवस झाले. चारही दिवस कानात घूंऽऽ. रत्नाकर म्हणतो, ते मीटर घरातलं बोलणं ऐकतं. (रत्नाकर म्हणजे माझा मित्र, तोफगाडीच्या फॅक्टरीतून रिटायर, आता फुलटाइम व्हिडिओ.) मी हसलो. आपण पुरावा मागणारा माणूस. नागपूरहून एक पिशवी घेऊन आलो, आज इथं राइट टाउनात स्वतःचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, ते निव्वळ कानावर. बिघडायच्या आधी मोटर मला सांगते. संकल्प: रत्नाकरचे व्हिडिओ उघडायचे नाहीत.

१० डिसेंबर
तीन उघडले. चूक कुठे आहे ते बघायला.

११ डिसेंबर
पेचकसचं (स्क्रू ड्रायव्हरचं) टोक मीटरला, मूठ कानाला. मोटरचं बेअरिंग असंच ऐकतो मी. घूंऽऽ एकदम स्पष्ट! प्रतिमालाही ऐकायला लावलं. म्हणाली, काहीच येत नाही, अन् काहून भिंतीला चिकटून राहिले, समोरची दीदी बघून राहिली. म्हणजे साध्या कानाला येत नाही. ती असंही म्हणाली की दिवाळीपासून टीव्ही मोठा लावून राहिले तुम्ही, एकदा कान दाखवा. विषय भलतीकडे न्यायची बायकोची खोड, दुसरं काय.

१५ डिसेंबर, दुपार
उलगडा झाला. जुना मिस्त्री कानावर मोटर वाचवतो. त्याचा कान गेला की मोटर भंगारात आणि गिऱ्हाईक नवीन घेणार. फायदा कुणाचा? मीटर गल्लीत सगळ्यांकडे बसले, पण सुरुवात माझ्या घरापासून. रत्नाकरला सांगितलं. त्यानं हातातला व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, अच्छा... मोहन, आता मलाच तुझी काळजी वाटून राहिली. जळतो.

१९ डिसेंबर
पाटनचे पटेलजी आले, मटारच्या कोल्ड रूमची मोटर घेऊन. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. चालवून ऐकली. साफ. म्हटलं, बेअरिंग बदलायची गरज नाही. पटेलजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग मोटर घेऊन गेले.

२२ डिसेंबर
मोटर जाम झाली. खोलीभर मटार सडला. पटेलजी ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, खरखर तो हमको भी आ रही थी भैया, सोचा आप सुन रहे हैं तो ठीक ही होगी. नवीन मोटर घेतली त्यांनी.
कट असाच चालतो. आज जेवलो नाही.

२३ डिसेंबर
दुकानात पाच मोटरी आल्या. पाचही साफ वाटल्या.
पाचही कशा साफ असतील?

२७ डिसेंबर, दुपारी साडेबारा
मेंटेनन्ससाठी अकरापासून गल्लीची लाइन बंद. याहून चांगला प्रयोग नाही. रत्नाकरला साक्षीदार म्हणून बोलावलं. पंखा बंद, फ्रिज बंद, मीटरचा लाल दिवासुद्धा बंद. पेचकसची मूठ कानाला लावली.
घूंऽऽ.
रत्नाकर घाईघाईनं म्हणाला, अरे, आत बॅटरी असते! मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तोच खाली बघायला लागला. प्रतिमानं माझ्या हातातला पेचकस काढून घेतला.

३ जानेवारी
सराफ्यातल्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो. प्रतिमाच्या समाधानासाठी. त्यांना म्हटलं, मीटरनं किती नुकसान केलं तेवढं लिहून द्या, बाकी कान उत्तम आहे.
एका छोट्या बंद खोलीत बसवलं. भिंतींना फोम, कानांवर हेडफोन, हातात बटन. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, आवाज आला की दाबा. आत ना मीटर, ना तार. मी लक्ष देऊन बसलो आणि एकही आवाज सोडला नाही. अकरा वेळा दाबलं. बाहेर बाकावर प्रतिमा होती, तिला काचेतून अंगठा दाखवला.
मुलीनं दार उघडलं. म्हणाली, अंकलजी, अभी तो मैंने शुरू ही नहीं किया.